पंख्यासमोर

"ऱ्हाऊ दे गो बाय. मी माझ्या दिराला बोलावतंय. दोन हातांचा काम हाय ता," ठमाबाई बोलून गेली, आणि बोलल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं.

राजश्री सालेकरने वर पाहिलं नाही. ठमाबाईच्या भाजीच्या मळ्याला पाणी देणारं डिझेल इंजिन तिने सकाळपासून खोलून, साफ करून, पुन्हा जोडलं होतं. आता ते फक्त चालू करून द्यायचं होतं. असलं इंजिन चालू करायचं तर एका हाताने वरची कळ दाबून धरावी लागते आणि दुसऱ्या हाताने हँडल गरागरा फिरवावं लागतं. चाकाने वेग घेतला की कळ सोडायची आणि त्याच झटक्यात हँडल काढून घ्यायचं. जरा चुकलं की हँडल उलटं मारतं आणि मनगट मोडून ठेवतं.

राजश्रीचा उजवा हात कोपराच्या खाली चार बोटं एवढाच उरला होता. तिने तो वाकवून कळीवर टेकवला आणि अंगाचा भार टाकून कळ दाबली. डाव्या हाताने हँडल धरलं.

"मावशी, मागं व्हा."

ठमाबाई मागे झाली. हँडल एकदा जड फिरलं, मग हलकं झालं, मग दिसेनासं झालं. राजश्रीने उजवं कोपर उचललं, हँडल ओढून घेतलं, आणि इंजिन एक काळा ढेकर देऊन धडधडायला लागलं. शेडचे पत्रे थरथरले. बाहेर पिंपळाखाली एसटीची वाट बघणारी माणसं वळून बघायला लागली.

"झाला का नाय?" राजश्री त्या आवाजावर ओरडून म्हणाली.

"झाला गो बाय, झाला. पण बघताना माझा जीव जातोय त्याचा काय?"

"मग पुढल्या टायमाला पाठ करून उभ्या ऱ्हावा."

पोलादपूर सोडून महाबळेश्वरच्या रस्त्याला लागलं की आंबेनळी घाट चढायच्या आधी उजव्या अंगाला ही शेड होती. वर्षभरापूर्वी राजश्रीने ती उघडली तेव्हा पहिले दोन महिने कुणी फिरकलं नव्हतं. येणारा पुढच्या गॅरेजला निघून जायचा, आणि जाताना कीव केल्यासारखं हसायचा. मग पावसाळ्यात पुढचं गॅरेज बंद असताना अडलेल्या एका टेम्पोवाल्याने नाइलाजाने गाडी थांबवली. ती चालू झाली. तो पुन्हा आला, आणि येताना दुसऱ्याला घेऊन आला. आता पॉवर टिलर, पंप, भात झोडायची मशीन असं काहीबाही कायम दारात पडलेलं असायचं. तरी "थोटीची शेड" हे नाव काही सुटलं नव्हतं. राजश्रीने एक दिवस रंगाचा डबा आणला आणि पत्र्यावर डाव्या हाताने, वाकड्या अक्षरांत, स्वतःच तेच लिहून टाकलं. त्यानंतर लोक ते नाव तिच्यासमोर घ्यायला लाजायला लागले.

ठमाबाईचं इंजिन टेम्पोत चढत होतं तेव्हाच एक पांढरी गाडी पिंपळाखाली येऊन थांबली. गाडीतून अनुपमा उतरली.

अनुपमाला सगळं महाड ओळखत होतं. हायस्कूलच्या हेडमास्तरांची मुलगी, विमान चालवणारी. तिला लायसन मिळालं तेव्हा शिवाजी चौकात तिचा फोटो लागला होता. राजश्रीची तिच्याशी ओळख मात्र फोटोपुरती नव्हती. दोघी एका डब्यातून जेवल्या होत्या.

"बरी आहेस?" अनुपमाने विचारलं.

"दिसतंय ना," राजश्री म्हणाली. "बसा मॅडम."

पूर्वी माणसांत असताना ती 'मॅडम' म्हणायची आणि दोघीच असताना 'अनु'. ठमाबाईचा टेम्पो गेला होता, आता शेडमध्ये दोघीच होत्या. अनुपमाच्या ते ध्यानात आलं. तिने स्टूल ओढलं, त्यावरचं ग्रीस पाहिलं आणि उभीच राहिली.

महाडच्या पुढे गांधारी नदीच्या अंगाला एक लांब, सपाट माळ आहे. चार वर्षांपूर्वी पुण्याच्या हर्षदने तो भाड्याने घेऊन सारखा करून घेतला आणि तिथे एक जुनं, दोन माणसांचं विमान आणलं. वरून रायगड दाखवायचा, सावित्रीचं खोरं दाखवायचं, आणि ज्यांना हौस असेल त्यांना थोडं चालवायलाही शिकवायचं असा त्याचा बेत. विमान पिवळं होतं, म्हणून गावाने त्याला पिवळी म्हणायला सुरुवात केली. हर्षदला जवळपासचा मेकॅनिक हवा होता. महाडच्या आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या वर्गात एकटी मुलगी म्हणून पास झालेली राजश्री तेव्हा मोटारसायकलच्या शोरूममध्ये ऑइल बदलत होती. ती विचारायला गेली आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागली. मोठ्या दुरुस्तीला महिन्यातून एकदा पुण्याहून इंजिनिअर यायचा. बाकीचं रोजचं सगळं राजश्रीकडे, आणि विमान चालवायला अनुपमा.

पिवळीला स्टार्टर नव्हता. तिच्या काळी तशीच विमानं करायचे. समोर उभं राहायचं आणि नाकावरच्या पंख्याचं पातं हाताने खाली मारून इंजिन चालू करायचं. इंजिनिअरने तिला पंधरा दिवस कोरड्या इंजिनावर शिकवलं. चाकांना ठोकळे. शेपूट दोराने बांधलेली. अंगावर सैल काही नको, गळ्यात काही नको. आतल्या माणसाने मोठ्याने सांगायचं, बाहेरच्याने तेच मोठ्याने परत म्हणायचं. बोटं पात्यावर सपाट ठेवायची, कडेला अडकवायची नाहीत. ओढता ओढताच अंग मागे गेलं पाहिजे. आणि पंखा नेहमी चालू आहे असंच समजायचं, स्विच बंद असला तरी.

राजश्रीला ते आवडायचं. खोटं कशाला सांगा. पहाटेच्या गारव्यात ती पातं खेचायची, पिवळी खोकायची, आणि समोरचं पातं हवेत विरघळून जायचं. अंगावर वारा यायचा. वाडीतल्या एकाही बाईने असलं काही केलेलं नव्हतं.

मग सव्वा वर्षापूर्वीचा तो डिसेंबरातला रविवार आला. त्याच्या आठवडाभर आधी राजश्रीच्या लक्षात आलं होतं की स्विच बंद केल्यावरही पिवळी लगेच गप्प होत नाही, थोडी फुरफुरत राहते. स्विचच्या मागची तार कुठेतरी तुटत आली असणार. तार तुटली की आत स्विच बंद दिसतो आणि इंजिनात ठिणगी तशीच जिवंत राहते. तिने हर्षदला सांगितलं. हर्षद माणूस वाईट नव्हता, घाईचा होता. "एक तारखेला इंजिनिअर येतोय ना, तेव्हा बघू. सीझन आहे," तो म्हणाला. जेवताना तिने अनुपमालाही सांगितलं. अनुपमा म्हणाली, "लक्षात ठेवते."

रविवारी सकाळी अनुपमा आत बसली होती. "स्विच ऑफ!" तिने आतून हाक दिली. "स्विच ऑफ!" राजश्रीने परत म्हटलं, आणि इंजिनात पेट्रोल ओढलं जावं म्हणून पातं सावकाश खाली आणायला घेतलं. सावकाश. त्या सावकाशीतच पिवळी पेटली. राजश्रीला दुखलं असं काही आठवत नव्हतं. आवाज आठवत होता, आणि मग आभाळ. माळावरचा वॉचमन कुशाबा, तिच्याच वाडीतला, नात्याने चुलता, तिला उचलून जीपकडे पळाला होता, आणि पळताना तो रडत होता एवढं आठवत होतं.

"उद्या त्या अपघाताच्या चौकशीची माणसं येतायत," स्टूलापाशी उभी अनुपमा म्हणाली. "शेवटचं विचारणार. तुझंही घेणार."

"फोन आला होता मला."

"हर्षदचं म्हणणं आहे..." ती अडखळली. "तू बुकिंगच्या काउंटरवर ये. कायमचं. चांगल्यातला हात बसवून देतो म्हणतोय, बोटं हलणारा. फक्त उद्या एवढंच म्हणायचं की मी सांगायच्या आधी तू पंख्याला हात लावलास. घाईत. अशी चूक कुणाकडूनही होते."

राजश्रीने हात पुसायचा बोळा घेतला. डावा हात पुसायला दुसरा हात नसतो. तिने बोळा बाकावर पसरला आणि त्यावर हात घासला.

"तू ऑफ म्हणाली होतीस?"

"म्हणाले होते."

"स्विच ऑफ केला होतास?"

"केला होता. आईशप्पथ केला होता."

"मला ठाऊक हाय. मग तू पण खरी आणि मी पण खरी. तार खोटी होती. ता सांगायला तुला काय जातंय?"

अनुपमाचे डोळे भरले. "तू मला तारेचं सांगितलं होतंस हे बाहेर आलं तर माझं लायसन जाईल. मला मोठ्या कंपनीचा कॉल आलाय, राजश्री. बाबांनी घर गहाण टाकून मला शिकवलंय. दोघींचं कशाला वाया घालवायचं?"

"माझा वाया गेलाय असा कोण म्हणतो?" राजश्री इतक्या जोरात म्हणाली की पिंपळाखालचा एकजण उठून उभा राहिला. "माझा हात गेलाय. मी नाय गेली वाया. मला काउंटर नको, मला बोटं हलणारा हात नको. माझ्याच तोंडाने माझी चूक म्हणू? मरंस्तवर नाय म्हणायची."

अनुपमा गाडीकडे वळली. ती गाडीचा दरवाजा उघडत असताना राजश्रीने मागून विचारलं, "आता पंखा कोण मारतं?"

अनुपमा थांबली.

"कुशाबा."

"आणि तार?"

अनुपमा गाडीत बसली आणि तिने दार ओढून घेतलं.

संध्याकाळी राजश्री वाडीत गेली ती सरळ कुशाबाच्या घरी. तो नव्हता. चार दिवस माळावरच मुक्कामाला होता, त्याच्या बायकोने मोठ्या अभिमानाने सांगितलं. आता नुसता वॉचमन नाही राहिला तो, मशीनवरचा माणूस झाला. राजश्रीला वाईट वाटेल म्हणून इतके दिवस तिच्यापुढे कुणी हे काढलं नव्हतं. फोन लावला तर लागला नाही. माळावर रेंज यायची ती धावपट्टीच्या एकाच टोकाला.

घरी आई, बयाबाई, चुलीपुढे होती. राजश्रीने सगळं सांगितलं. बयाबाईने भाकरी उलटली, फुगेपर्यंत वाट पाहिली, मग म्हणाली, "काउंटरचा काम काय वाईट हाय? सावलीत बसायचा."

"आये."

"आणि कुशाभावजींच्या वाटंला जाऊ नको. वॉचमन व्हता तवा त्याला कोण इचारत नव्हता. आता त्याचा काय चांगला चाललाय तर तू मधी. त्यानं तुला उचलून नेली व्हती, ईसरलीस?"

"नाय ईसरले. म्हणूनच जातंय."

बयाबाईने लेकीच्या ताटात भाकरी टाकली. मग रोजच्यासारखी स्वतःच ती मोडायला हात घातला. राजश्रीने ताट बाजूला ओढलं. "मी मोडतंय," ती म्हणाली, आणि एका हाताने, ताटाच्या कडेला दाबून, भाकरी मोडून खाल्ली. बयाबाई बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं की धूर गेला ते कळलं नाही.

सकाळी पोलादपूरहून पहिल्या मिनीडोर रिक्षाने राजश्री महाडला निघाली. चवदार तळ्याच्या कार्यक्रमाला आठवडा राहिला होता, रस्त्याच्या कडेने निळ्या पताका बांधायचं काम चाललं होतं. नाक्यावरून दुसरी मिनीडोर धरून ती माळाच्या फाट्याला उतरली आणि पुढे चालत गेली.

चौकशीची माणसं यायला अजून अवकाश होता. तरी माळावर गर्दी होती. मुंबईहून आलेलं एक कुटुंब फोटो काढत उभं होतं. पिवळी धावपट्टीच्या तोंडाशी उभी होती, नवा पंखा उन्हात चकाकत होता. आत अनुपमा. तिच्याशेजारी गॉगल लावलेला एक पाहुणा. आणि पंख्यासमोर, गळ्यात टॉवेल, पायांत स्लिपर, कुशाबा.

राजश्रीला पळावंसं वाटलं, तिकडेही आणि उलटही. ती पळाली नाही. पळत येणाऱ्या माणसाकडे कुशाबाने वळून पाहिलं असतं, आणि त्याचा हात पात्यावर होता. ती लांबून वळसा घालून समोरून आली, कुशाबाला दिसेल अशी.

"कुशाकाका," तिने शांतपणे हाक मारली. "हात काढा आणि मागं या. दोन पावलं मागं या आधी."

"कोण, राजी? तू कशी काय हितं?" कुशाबाने हात काढला आणि दोन पावलं मागे आला.

ती पुढे गेली आणि पंख्यासमोर, पात्याच्या टप्प्याच्या बाहेर, विमान पुढे सरकलं तर थेट तिच्यावर येईल अशा जागी, मांडी घालून खाली बसली.

"आता मारू नका पंखा. मी हितनं हलणार नाय."

मुंबईच्या कुटुंबातल्या एकाने मोबाइल तिच्याकडे वळवला. हर्षद पत्र्याच्या ऑफिसातून जवळजवळ धावत आला.

"राजश्री, हे काय चाललंय? लोक बघतायत."

"बघू देत."

"तुला जे बोलायचंय ते चौकशीत बोल ना. अकरा वाजता येतायत ते. आत्ता माझे कस्टमर आहेत."

"अकरापर्यंत काकाचा हात ऱ्हायला पायजे ना जागेवर."

"इंजिन तपासून आणलंय," हर्षद लोकांकडे बघत म्हणाला. "सगळं ओके आहे. हिचा अपघात झाला होता, त्याचा धक्का बसलाय तिला."

मग कुशाबाच पुढे आला. त्याचा चेहरा रागाने काळवंडला होता. "ऊठ गो. तमाशा नको करू. तुझा हात गेला म्हणून सगळ्यांचा जातो काय? पिवळी परत उडायला लागली तवापासून, तीन महिने मारतोय मी पंखा. काय झालं मला? माझ्या पोटावर पाय देतंस तू?"

राजश्रीने त्याच्याकडे पाहिलं. वर्षभर ती उजव्या हातावर ओढणी नाहीतर लांब बाही घेऊन माणसांत यायची. शेडमध्ये नाही, पण अनोळखी गर्दीत यायची तेव्हा घ्यायचीच. तिने डाव्या हाताने ती बाही वर सारली.

"काका, मला ता कुणी सांगितला नाय," ती म्हणाली. "पण मी नर्सला इचारलं होतं. माझा हात हॉस्पिटलात तुम्ही आणून दिलात. तुमच्या टॉवेलात बांधून."

कुशाबाचा हात आपोआप गळ्यातल्या टॉवेलाकडे गेला.

"कुठं गावला होता तो तुम्हाला?"

त्याने टॉवेलाचं टोक मुठीत धरलं.

"शेपटीकडं," कुशाबा म्हणाला. "पार शेपटीकडं, गवतात. बांगडी व्हती त्याच्यात. फुटली नव्हती." तो थांबला. "तुला जीपमधी घातली आणि मी परत आलो. डॉक्टर जोडतात असा ऐकला व्हता. मी गाडीची वाट नाय बघितली, फाट्यापर्यंत पळत गेलो. डॉक्टर म्हणाले, याचा आता काय होत नाय."

"मग आता माझ्या काकीकडं कोण पळत जाईल? सांगा. कोण टॉवेल नेईल?"

कुशाबाने गळ्यातला टॉवेल काढला, घडी घातली, आणि तो पंख्यापासून चालत दूर गेला. पत्र्याच्या ऑफिसच्या पायरीवर पाठमोरा बसला.

"ठीक आहे," हर्षद म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. मोबाइल अजून त्याच्यावर रोखलेला होता. "कुणी नको. मी मारतो. राजश्री, बाजूला हो, नाहीतर राहा तिथेच. अनु, स्विच ऑफ?"

आतून आवाज आला नाही.

"अनुपमा! स्विच ऑफ?"

हर्षदने शर्टाच्या बाह्या सावरल्या, पंख्याजवळ गेला आणि पात्याच्या कडेला बोटं अडकवून ते धरलं. राजश्री बसल्या जागी ताठ झाली. "बोटं!" ती ओरडली.

आणि त्याच वेळी विमानाचा दरवाजा उघडला.

"हर्षद, हात काढ!" अनुपमा किंचाळली. "हात काढ तिथून! तार बदललेली नाहीये. अजून तीच तार आहे!"

हर्षदने पातं चटका बसल्यासारखं सोडलं.

अनुपमा खाली उतरली. गॉगलवाला पाहुणाही दुसऱ्या बाजूने घाईघाईने उतरला आणि आपल्या माणसांत जाऊन उभा राहिला. अनुपमा विमानाच्या पंखाला धरून उभी राहिली. तिने राजश्रीकडे पाहिलं आणि मग पाहवेना म्हणून खाली पाहिलं.

राजश्री उठली. हर्षदच्या हातासाठी हिच्या तोंडून शब्द फुटला. माझ्या हाताच्या वेळी नाही, आणि कुशाकाकाच्या हातासाठी तीन महिने नाही. हे तिच्या मनात इतकं स्पष्ट आलं की ती ते बोलणारच होती. पण अनुपमाने स्वतःच ते ओळखलं असावं. तिने तोंडावर हात घेतला.

"आता जे बोललीस ता अकरा वाजता पण बोल," राजश्री एवढंच म्हणाली.

चौकशीची माणसं आली. एक वयस्कर साहेब आणि एक तरुण बाई. पत्र्याच्या सावलीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या. हर्षदला बराच वेळ विचारत होते. अनुपमा आत गेली ती खूप वेळाने बाहेर आली, आणि बाहेर आली तेव्हा तिच्या खांद्यावरच्या पट्ट्या तिने काढून हातात धरल्या होत्या. ती गाडीत जाऊन बसली आणि नुसती बसून राहिली. कुशाबाने न बोलावता आत जाऊन सांगितलं की अपघाताआधीच्या आठवड्यात राजश्रीने हर्षदला तारेचं सांगितलं तेव्हा तो दाराशीच होता, त्याने ऐकलं होतं; नंतर ती बदलली असेल असंच तो समजून होता. मग बाहेर येऊन पुन्हा पायरीवर बसला.

राजश्रीने उभ्यानेच सगळं सांगितलं. साहेबांनी बसायला सांगितलं तरी बसली नाही.

"आणखी काही सांगायचंय?" शेवटी त्या बाईंनी विचारलं.

"हां. पहिल्या वेळी हर्षदसरांनी लिहून दिलाय, हेल्परच्या निष्काळजीपणामुळे. मी हेल्पर नव्हते. मेकॅनिक होते. आणि निष्काळजी नव्हते. हे माझ्या तोंडचं जसं हाय तसं लिहा."

"निर्णय वरून होईल," साहेब सौम्यपणे म्हणाले. "आमच्या हातात—" आणि ते मधेच थांबले.

"निर्णय काय होईल तो होऊ दे," राजश्री म्हणाली. "लिहा."

बाईंनी लिहिलं आणि वाचून दाखवलं.

दुपारपर्यंत पिवळीच्या दरवाजाला सील लागलं. पुढचा हुकूम होईपर्यंत उडायचं नाही. हर्षद सगळा वेळ फोनवर होता, मग पुण्याला निघून गेला. जाताना राजश्रीच्या समोरूनच गेला. अनुपमाने गाडीची काच खाली करून विचारलं, "पोलादपूरपर्यंत सोडू?"

"नको. मी जाईन."

"राजश्री, मी..."

"आज नको काय बोलू, अनु," राजश्री म्हणाली. "आज मी ऐकायची नाय."

तिच्या तोंडून 'अनु' निघून गेलं होतं. दोघींच्याही ते कानांवर पडलं. गाडी धुरळा उडवत फाट्याकडे गेली.

माळ रिकामा झाला. कुशाबा पायरीवरून उठला, कमरेवर हात ठेवून पिवळीकडे बघत राहिला. "गेला माझा काम," तो म्हणाला. "घरी काय सांगू?"

"माझ्याकडं या. इंजिनं उचलायला माणूस लागतो मला."

कुशाबाने मान वळवली. "थोट्या पोरीच्या हाताखाली?"

"हां. पत्र्यावर लिहिलाय ना तसा. थोटीच्या शेडवर. गळ्यात टॉवेल नाय चालायचा."

कुशाबाने नाकातून एक आवाज काढला फक्त.

दुपार कलली तशी गांधारीच्या बाजूने वारा सुटला. मार्चचा वारा असतो तसा, आधी एक झुळूक आणि मग एकदम दांडगा. पिवळीचे पंख वर-खाली व्हायला लागले. धावपट्टीच्या तोंडाशी ती मोकळी उभी होती, सगळ्यांच्या गडबडीत तिला बांधायचं राहून गेलं होतं. एखाद्या सोसाट्याने उलटली असती.

"ऱ्हाऊ दे," कुशाबा म्हणाला. "मोडली तर मोडली. तुझी एवढी वैरीण."

राजश्री ऐकत नव्हती. ऑफिसमागच्या पत्र्याखालून तिने दोर ओढून आणले. पिवळीच्या पंखाखाली गुडघे टेकून बसली, जमिनीतल्या लोखंडी कडीतून दोर ओवला आणि वर पंखाच्या कडीत घातला. तिथे ती अडली. दोर ताणून धरायचा आणि गाठ मारायची. वारा आला, दोर तिच्या बोटांतून सटकला. तिने पुन्हा धरला. पुन्हा सटकला. तिसऱ्यांदा तिने दोर दातांत धरला.

कुशाबा आला. तिच्यासमोर बसला, तिच्या दातांतून दोर सोडवला आणि आपल्या दोन्ही हातांनी ताणून धरला.

राजश्रीने डाव्या हाताने दोर गुंडाळला, फासातून घातला आणि खेचला.

"बसली?" त्याने विचारलं.

"थोडी अजून ताणा."

त्याने ताणली. तिने खेचली. पंख हलायचा थांबला. मग दोघंही उठली आणि वाऱ्यात डोळे बारीक करून, पिवळीच्या दुसऱ्या पंखाकडे गेली.